स्पार्कस्टेशन २० : प्रोसेसर बोर्डाची मांडणी आणि दोषशोधन

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९४ मध्ये बाजारात आणलेले स्पार्कस्टेशन २० हे वर्कस्टेशन (तांत्रिक कामासाठीचा ताकदवान संगणक) पिझ्झाच्या खोक्यासारख्या चपट्या पेटीत बसवलेले आहे. आज ते हाती आले, तर बहुतेक वेळा 'बंद पडलेले' म्हणूनच येते. कळ दाबली की पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो, आणि विकणारा माणूस प्रोसेसर जळाल्याचे सांगून मोकळा होतो. माझा अनुभव मात्र निराळा आहे. या यंत्रात प्रोसेसर जळण्याचे प्रसंग विरळा असतात. खरा दोष बहुधा संपलेल्या बॅटरीत, नीट न बसलेल्या प्रोसेसरच्या मॉड्यूलमध्ये किंवा पडद्याच्या जोडणीत सापडतो. म्हणून या लेखात दोष शोधण्याचा क्रम मुद्दाम खालून वर ठेवला आहे. आधी वीज, मग संवादाची तार, त्यानंतर एक प्रोसेसर व एक मेमरी पट्टी, आणि हे सर्व निर्धास्तपणे चालू लागल्यावरच बाकीची जोडणी.

एक सूचना आधीच द्यायला हवी. पुढे दिलेल्या आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; यंत्रावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या आहेत. आज्ञेच्या नावात टिंब, प्रश्नचिन्ह किंवा आडवी रेघ असेल तर ते चिन्ह नावाचाच भाग आहे, ते गाळून चालत नाही.

बोर्डाची ओळख

स्पार्कस्टेशन २० च्या मुख्य बोर्डावर प्रोसेसर थेट बसवलेला नसतो. तो एका स्वतंत्र मॉड्यूलवर असतो आणि ते मॉड्यूल एमबस नावाच्या स्लॉटमध्ये बसते. असे दोन स्लॉट आहेत. त्यांच्याखेरीज विस्तार कार्डांसाठी एसबसचे चार स्लॉट आणि मेमरीसाठी दोनशे पिनांच्या पट्ट्यांचे आठ स्लॉट आहेत. मेमरी पट्टी १६, ३२ किंवा ६४ मेगाबाइटची मिळते, त्यामुळे आठही स्लॉट मोठ्या पट्ट्यांनी भरले की ५१२ मेगाबाइट ही कमाल मर्यादा गाठली जाते. प्रत्येक पट्टी १४४ बिट रुंद असते. त्यांपैकी १२८ बिट माहितीचे आणि १६ बिट चूक ओळखून दुरुस्त करण्याचे असतात. एका बिटाची चूक यंत्र स्वतःच दुरुस्त करते. ही सोय चांगली असली तरी तिच्यामुळे एखादी कमकुवत पट्टी बराच काळ लपून राहू शकते, हे दोष शोधणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

मॉड्यूलची नावे वाचायला शिकले की निम्मे काम होते. सनच्या मूळ मॉड्यूलवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बनवलेला सुपरस्पार्क प्रोसेसर असतो. या एका चिपवर सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर आहेत आणि सूचनांसाठी २० किलोबाइट व माहितीसाठी १६ किलोबाइट कॅश (वारंवार लागणारा मजकूर हाताशी ठेवणारी जलद मेमरी) चिपच्या पोटातच आहे. मॉड्यूलच्या नावातील पहिला अंक साधारणपणे घड्याळाची गती सुचवतो, आणि शेवटचा अंक १ असेल तर मॉड्यूलवर एक मेगाबाइटची बाहेरची कॅश आहे, ० असेल तर नाही. त्यामुळे एसएम५० म्हणजे ५० मेगाहर्ट्झ, बाहेरच्या कॅशविना. एसएम५१ म्हणजे तीच गती, पण कॅशसह. एसएम६१ हे ६० मेगाहर्ट्झचे आणि एसएम७१ हे ७५ मेगाहर्ट्झचे. पेटीवर 'मॉडेल ६१२' असे लिहिलेले आढळले, तर त्यात एसएम६१ जातीची दोन मॉड्यूल बसवलेली होती असे समजावे. अर्थात तीस वर्षांत ती कोणी काढून विकली नसतील याची हमी पेटीवरच्या त्या नावात नसते.

या सुपरस्पार्क घराण्याचा पुण्याशीही संबंध आहे. पुण्यातील सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेच्या परम ९००० या महासंगणकाच्या मालिकेतील एका प्रकारात सुपरस्पार्कची दुसरी आवृत्ती वापरली होती. त्यामुळे आपल्याकडच्या ज्या अभियंत्यांनी नव्वदच्या दशकात या चिपवर काम केले, त्यांना खालील बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील.

कॅश असण्या-नसण्याने केवळ वेग बदलतो असे नाही, मांडणीचे नियमही बदलतात. बाहेरची कॅश असलेल्या मॉड्यूलवर कॅशचा नियंत्रक प्रोसेसर आणि एमबस यांच्यामध्ये उभा असतो, त्यामुळे प्रोसेसरचे घड्याळ एमबसच्या घड्याळापासून वेगळे राहू शकते. म्हणूनच ६० किंवा ७५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ५० मेगाहर्ट्झच्या एमबसवर बिनतक्रार चालतो. कॅश नसलेले मॉड्यूल मात्र एमबसच्याच गतीने चालते. या बोर्डाचा एमबस ४० किंवा ५० मेगाहर्ट्झने धावतो, आणि एसबस नेहमी त्याच्या निम्म्या गतीने, म्हणजे २० किंवा २५ मेगाहर्ट्झने. याचा व्यावहारिक अर्थ असा की स्पार्कस्टेशन १० मधून काढलेले ४० मेगाहर्ट्झचे मॉड्यूल येथे बसवले, तर प्रोसेसरच नव्हे, सगळा बोर्डच संथ होतो. डिस्क आणि नेटवर्कसुद्धा.

दोन मॉड्यूल बसवायची असतील तर दोन्ही एकाच जातीची घ्यावीत. कॅश असलेले आणि नसलेले मॉड्यूल एकत्र चालत नाहीत. वेगवेगळ्या गतीची, पण दोन्ही कॅश असलेली मॉड्यूल काही जणांनी चालवली आहेत. परंतु ज्या यंत्रात आपण दोष शोधत आहोत त्यात असा प्रयोग करणे म्हणजे एका कोड्यात दुसरे कोडे मिसळणे होय. रॉस कंपनीची हायपरस्पार्क मॉड्यूल हा तिसरा प्रकार. ती ओळखण्यासाठी बोर्डावरच्या बूट प्रॉमची (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम असलेल्या चिपची) आवृत्ती पुरेशी नवी असावी लागते, २.२५ ही आवृत्ती असल्यास चिंता नाही. शिवाय त्यांपैकी काही दुहेरी मॉड्यूल एवढी जाड असतात की शेजारचे एसबस स्लॉट अडतात, हे विकत घेण्यापूर्वीच मोजून पाहावे.

पेटी उघडल्यावर

प्लग काढून ठेवावा आणि काही मिनिटे थांबावे. वीजपुरवठ्याच्या पेटीतील कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भार धरून ठेवतात, म्हणून ती आतली पेटी सरावाशिवाय उघडू नये. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा. नसेल तर निदान दर काही मिनिटांनी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करण्याची सवय लावावी.

मग निरीक्षण. पंख्यात जमलेली धूळ, फुगलेले किंवा पाझरलेले कपॅसिटर, वाकलेल्या पिना, आणि संपर्कांवर चढलेला काळपट थर. हा शेवटचा दोष कोकणात किंवा मुंबईत ठेवलेल्या यंत्रांत फार आढळतो. चार पावसाळे बंद खोलीत काढलेल्या बोर्डाचे संपर्क पाहिले की समुद्राची खारी हवा काय करते ते लक्षात येते. संपर्क पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरावे. खोडरबराने घासण्याचा उपाय अनेक जण सुचवतात, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा खरवडला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने चढतो. मी तो करत नाही.

आता सर्व काही काढून टाकावे : एसबस कार्डे, डिस्क, दुसरे मॉड्यूल, आणि एक सोडून सर्व मेमरी पट्ट्या. राहिलेली पट्टी पहिल्या क्रमांकाच्या स्लॉटमध्येच असली पाहिजे. स्लॉटचे क्रमांक बोर्डावर छापलेले असतात. पहिला स्लॉट रिकामा आणि पट्टी भलत्याच ठिकाणी, एवढ्या कारणानेही बोर्ड मुका राहतो.

एमबस मॉड्यूल बसवताना विशेष काळजी घ्यावी. त्याचा कनेक्टर शंभर संपर्कांचा आणि अतिशय दाटीचा आहे. मॉड्यूल आधी आधाराच्या खांबांवर सरळ रेषेत आणावे, मग कनेक्टरच्या बरोबर वरच्या भागावर अंगठ्यांनी सारख्या दाबाने दाबावे. मॉड्यूलच्या दुसऱ्या कडेवर दाब दिला तर मॉड्यूल वाकते, कनेक्टर मात्र अर्धाच बसतो, आणि वरून पाहणाऱ्याला सर्व ठीक दिसते. माझ्या पहिल्या यंत्रातील एसएम६१ मी पंधरा दिवस मेलेले समजून वेगळे ठेवले होते. ते केवळ दोन मिलिमीटर वर राहिले होते.

संवादाची तार

पडद्यावर विसंबून दोष शोधणे या यंत्रात वेळखाऊ ठरते, आणि त्याला कारणे आहेत. बोर्डावर चित्र उमटवणारी यंत्रणा आहे, पण तिला मेमरीच्या स्लॉटमध्ये बसणारी वेगळी व्हिडिओ पट्टी लागते. ती पट्टी नसेल आणि एसबसमध्ये चित्र-कार्डही नसेल, तर पडदा जोडूनही काही दिसणार नाही. शिवाय सनचा तेरा-डब्ल्यू-तीन कनेक्टर आणि ११५२ गुणिले ९०० ही ठरीव चित्रमर्यादा आजच्या अनेक पडद्यांना मानवत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून सीरियल पोर्टवर काम करावे.

यंत्राच्या मागे पंचवीस पिनांचा एक सीरियल कनेक्टर आहे. ए आणि बी असे दोन्ही पोर्ट त्यातच सामावलेले असतात. दोन्ही हवे असतील तर दुभागणारी केबल लागते, पण नेहमीच्या पिनांवर पोर्ट ए मिळतो आणि आपल्याला तेवढाच हवा आहे. आपल्या संगणकाला यूएसबी ते सीरियल जोड लावावा, मधे नल-मोडेम केबल (पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारांची अदलाबदल केलेली) वापरावी, आणि टर्मिनलच्या प्रोग्राममध्ये ९६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशी मांडणी करावी. सनचा कळफलक जोडू नये. कळफलक सापडला नाही की यंत्र आपण होऊन पोर्ट ए ला कन्सोल मानते. सरळ केबल आणि नल-मोडेम केबल दिसायला सारख्याच असतात. काहीच उमटले नाही तर बोर्डावर संशय घेण्याआधी केबल बदलून पाहावी.

आता वीज द्यावी. काही वेळाने यंत्राचे नाव, रॉमची (म्हणजे बूट प्रॉमची) आवृत्ती, मेमरी, ईथरनेट पत्ता (नेटवर्कवरची ओळख) आणि होस्ट आयडी (यंत्राचा ओळख-क्रमांक) असलेला मजकूर उमटला, तर समजावे की प्रोसेसर, पहिली मेमरी पट्टी आणि बूट प्रॉम हे तिन्ही जिवंत आहेत. यापुढचे सर्व दोष सोडवण्याजोगे असतात. यंत्र आपोआप बूट होऊ लागले तर टर्मिनलमधून 'ब्रेक' संकेत पाठवावा. सनच्या कळफलकावर याच कामासाठी स्टॉप आणि ए या कळा एकत्र दाबतात. 'ओके' असा शब्द आला की आपण ओपनबूटमध्ये, म्हणजे बूट प्रॉममधल्या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, पोचलो. ओकेऐवजी केवळ 'मोठे आहे' हे गणिती चिन्ह आले तर 'एन' हे अक्षर टंकून एंटर दाबावे, म्हणजे ओके येईल.

काहीच उमटले नाही तर क्रम असा ठेवावा. मल्टिमीटरने ५ आणि १२ व्होल्टच्या तारा तपासाव्यात, आणि त्या यंत्र चालू असताना, भार असतानाच मोजाव्यात. त्या ठीक असतील तर मेमरी पट्टी बदलावी. मग मॉड्यूल दुसऱ्या एमबस स्लॉटमध्ये बसवून पाहावे. त्यानंतर दुसरे मॉड्यूल उसने आणून पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल वहीत टिपावा. सनचा कळफलक हाताशी असेल तर स्टॉप आणि डी दाबून धरून वीज द्यावी. प्राथमिक चाचणी चालू असताना कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो. तो लुकलुकलाच नाही, तर चाचणी सुरूच होऊ शकली नाही आणि दोष मुख्य बोर्ड, मॉड्यूल किंवा प्रॉम यांच्यापैकी कोठेतरी आहे. हे कळांचे संच केवळ सनच्या कळफलकावरून चालतात, सीरियल तारेवरून नाही.

संपलेली बॅटरी

आज हाती येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्पार्कस्टेशन २० मध्ये पुढील दोष असतोच. वीज दिल्यावर 'आयडीप्रॉम कन्टेन्ट्स आर इनव्हॅलिड' असा संदेश येतो आणि ईथरनेट पत्त्याच्या जागी सगळीकडे एफ एफ दिसते. कारण साधे आहे. यंत्राची ओळख, मांडणीचे पर्याय आणि तारीख-वेळ ही सारी माहिती एम४८टी०८ नावाच्या अठ्ठावीस पिनांच्या एकाच चिपमध्ये असते. आठ किलोबाइट मेमरी, घड्याळ, क्रिस्टल आणि लिथियमची बॅटरी असा सगळा संसार तिच्या काळ्या टोपीखाली मांडलेला आहे. ती बॅटरी साधारण दहा वर्षांचे आयुष्य धरून बनवलेली होती. १९९४ पासून किती वर्षे झाली ते आपण मोजू शकतो.

उपाय दोन आहेत. नवी चिप मिळाली तर जुनी काढून तिच्या जागी बसवावी. चिप सॉकेटमध्ये असते, सोल्डर करावे लागत नाही. पण काढण्यापूर्वी खाचेची दिशा टिपून ठेवावी, कारण उलटी बसवलेली चिप कायमची निकामी होऊ शकते. जुन्या चिपवर चिकटपट्टी असेल तर तिच्यावरचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, कारण यंत्राच्या मूळ ओळखीचा तो कित्येकदा एकमेव पुरावा असतो. जुना साठा म्हणून विकल्या जाणाऱ्या चिपा घेताना मात्र सावध राहावे. चिप न वापरता ठेवली तरी आतली बॅटरी म्हातारी होतच असते, आणि पुन्हा रंगवून, नवा शिक्का मारून विकलेल्या चिपाही बाजारात येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून आणलेल्या दोन चिपांपैकी एक माझ्या टेबलावर दोन महिनेच टिकली.

दुसरा उपाय हाताच्या कौशल्याचा आहे. चिपच्या टोपीची कड बारीक कानशीने किंवा लहान ग्राइंडरने हळूहळू घासून बॅटरीकडे जाणारे दोन धातूचे पाय उघडे करायचे, आतल्या बॅटरीशी असलेला त्यांचा संबंध तोडायचा, आणि चिपकडील टोकांना बारीक तारा लावून घड्याळजीकडे मिळणारी सीआर२०३२ ही तीन व्होल्टची गोल बॅटरी साच्यासह जोडायची. संबंध तोडण्याची पायरी वगळू नये. वगळली तर नवी बॅटरी जुन्या मृत बॅटरीत रिकामी होत राहते. कोणता पाय धन आणि कोणता ऋण हे चित्रावरून ठरवू नये. तोडण्याआधी मल्टिमीटर लावावा. मेलेल्या बॅटरीतही बहुधा थोडा दाब उरलेला असतो आणि तो दिशा सांगतो. क्रिस्टल त्याच टोपीत आहे, तेव्हा घासण्याची बाजू चुकली तर घड्याळ कायमचे थांबेल.

चिप बसवली की तिच्यात ओळख लिहावी लागते. प्रथम 'सेट-डीफॉल्ट्स' ही आज्ञा द्यावी, म्हणजे मांडणीचे पर्याय मूळ स्थितीत येतात. पाठोपाठ 'सेटएन्व्ह डायग-स्विच? फॉल्स' ही आज्ञा द्यावी. तो पर्याय चालू राहिला तर यंत्र डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट होऊ पाहते आणि आपण डिस्कला दोष देत बसतो.

आयडीप्रॉम ही सोळा बाइटची छोटीशी पाटी आहे. शून्याव्या जागी मांडणीचा प्रकार म्हणून १ असतो. पहिल्या जागी यंत्राचा प्रकार असतो, जो स्पार्कस्टेशन १० आणि २० या दोघांसाठी हेक्स (सोळा पाया असलेल्या) अंकपद्धतीत ७२ आहे. दोन ते सात या जागी ईथरनेटचा सहा बाइटचा पत्ता येतो. त्यातले पहिले तीन, म्हणजे ८, ० आणि २०, ही सनची खूण आहे. पुढच्या चार बाइटमध्ये निर्मितीची तारीख असते, ती शून्य ठेवली तरी चालते. नंतरचे तीन बाइट होस्ट आयडीचे, आणि शेवटचा बाइट पडताळणीचा.

लिहिण्याची आज्ञा 'एमकेपी' अशी तीन अक्षरी आहे. ओपनबूटची भाषा फोर्थ असल्याने आकडे आधी आणि आज्ञा नंतर येते. शिवाय सर्व आकडे हेक्समध्ये धरले जातात आणि प्रत्येक शब्दामध्ये मोकळी जागा सोडावी लागते. समजा, पत्त्याचा उत्तरार्ध आपण १२, ३४, ५६ असा ठरवला. मग '१ ० एमकेपी' म्हणजे शून्याव्या जागी एक. त्यानंतर 'रिअल-मशीन-टाइप १ एमकेपी'. येथे यंत्र आपला प्रकार आपणच भरते. मग '८ २ एमकेपी', '० ३ एमकेपी', '२० ४ एमकेपी', '१२ ५ एमकेपी', '३४ ६ एमकेपी', '५६ ७ एमकेपी'. जागा ८, ९, ए आणि बी यांत शून्य. जागा सी, डी आणि ई यांत पुन्हा १२, ३४, ५६. शेवटी पडताळणीसाठी '० एफ ० डू आय आयडीप्रॉम@ एक्सॉर लूप एफ एमकेपी' ही ओळ टंकावी. ती पहिल्या पंधरा बाइटचा एक्सॉर (बिटाबिटाची तुलना करणारी क्रिया, जिच्यात सारखे आकडे एकमेकांना रद्द करतात) काढून शेवटच्या जागी ठेवते.

हा शेवटचा बाइट हातानेही पडताळता येतो, आणि त्यात एक गंमत आहे. ईथरनेट पत्त्याचा उत्तरार्ध आणि होस्ट आयडीचे तीन बाइट एकच ठेवले की एक्सॉरमध्ये ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरतात फक्त १, ७२, ८ आणि २०, ज्यांचा एक्सॉर ५बी येतो. म्हणजे अशा रीतीने लिहिलेल्या प्रत्येक स्पार्कस्टेशन २० चा पडताळणी-बाइट ५बी च असणार. लिहून झाल्यावर 'डॉट आयडीप्रॉम' किंवा 'बॅनर' ही आज्ञा देऊन पाहावे. आपल्या उदाहरणात होस्ट आयडी ७२१२३४५६ असा दिसेल. वीज बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करावी. पत्ता टिकला तर बॅटरी लागू पडली.

घड्याळ चालते की नाही हे 'वॉच-क्लॉक' या आज्ञेने दिसते. नव्या चिपमध्ये ते थांबवून ठेवलेले असू शकते. कार्यप्रणाली सुरू झाल्यावर तारीख-वेळ एकदा नीट लावली की ते सहसा सुरू होते.

एकेक भाग परत जोडणे

ओळख टिकू लागली की सखोल चाचणी करावी. 'सेटएन्व्ह डायग-स्विच? ट्रू' करून वीज बंद-चालू केली की प्राथमिक चाचणी विस्ताराने चालते आणि तिचा वृत्तांत पोर्ट ए वर ओळीओळीने उमटतो. किती मेमरी तपासायची हे 'सेल्फटेस्ट-हॅश-मेग्ज' या पर्यायात ठरते; त्यात 'हॅश' हा शब्द नसून तेच चिन्ह आहे. मोठ्या मेमरीवर या चाचणीला बराच वेळ लागतो. घाईने ती अर्ध्यावर तोडू नये. काम संपल्यावर हा पर्याय पुन्हा 'फॉल्स' करण्यास विसरू नये.

त्यानंतर 'मॉड्यूल-इन्फो' ही आज्ञा द्यावी. एमबस आणि एसबस किती मेगाहर्ट्झने चालत आहेत आणि प्रत्येक प्रोसेसर कोणत्या गतीचा आहे, ते ती सांगते. एमबस ५० ऐवजी ४० दिसला, तर बसवलेले मॉड्यूल आपल्याला वाटते ते नाही. दुसरे मॉड्यूल आता बसवावे आणि हीच आज्ञा पुन्हा द्यावी. ते दिसले नाही तर दोन्हींच्या जागा आलटून पाहाव्यात : दोष मॉड्यूलबरोबर सरकला तर मॉड्यूल खराब, स्लॉटबरोबर राहिला तर स्लॉट किंवा त्याचे संपर्क. पुढे सोलारिस ही सनची कार्यप्रणाली चढवल्यावर तेथील प्रोसेसरांची यादी ० आणि २ असे क्रमांक दाखवते. मधला १ हरवलेला नाही. प्रत्येक स्लॉटसाठी दोन क्रमांक राखून ठेवलेले आहेत आणि आपल्या मॉड्यूलवर एकेकच प्रोसेसर आहे, एवढेच.

मेमरी पट्ट्या दोन-दोन करून वाढवाव्यात आणि दर वेळी 'टेस्ट स्लॅश मेमरी' चालवावी. चूक सापडल्यास संदेशात बहुधा स्लॉटचा छापील क्रमांकच येतो, त्यामुळे शोधाशोध उरत नाही.

डिस्कबाबत एक खोड सांगायला हवी. 'प्रोब-स्कझी' ही आज्ञा जोडलेली उपकरणे दाखवते, पण चालू कार्यप्रणाली ब्रेकने थांबवून ती दिली तर यंत्र जागीच अडकू शकते. आधी 'ऑटो-बूट?' हा पर्याय 'फॉल्स' करावा, 'रिसेट' द्यावे, आणि मग तपासावे. आतल्या दोन डिस्क ऐंशी पिनांच्या कनेक्टरवर बसतात आणि जागेप्रमाणे त्यांना १ व ३ हे क्रमांक मिळतात. सीडी-रॉमचा क्रमांक ६ असतो, आणि तो ड्राइव्ह ५१२ बाइटचे खंड वाचणारा नसेल तर त्यावरून बूट होत नाही. बाहेर स्कझी उपकरणांची साखळी जोडली असल्यास तिच्या शेवटी टर्मिनेटर (टोक बंद करणारा जोड) हवाच.

नेटवर्कसाठी 'टेस्ट नेट' आणि 'वॉच-नेट' पुरेसे आहेत. दुसऱ्या आज्ञेत तारेवरून येणारे प्रत्येक पाकीट एका टिंबाने दिसते. येथील ईथरनेट केवळ १० मेगाबिटचे आहे, आणि काही नवे स्विच एवढ्या खालच्या गतीला उतरतच नाहीत. अशा वेळी जुना, स्वस्तातला स्विच मधे लावला की काम होते. एसबस कार्डे सर्वांत शेवटी, एकेक करून बसवावीत आणि 'शो-एसबस'ने यादी पाहावी.

सर्व जोडून झाल्यावर यंत्र किमान एक रात्र कामाला लावावे. नेटबीएसडी ही मोफत कार्यप्रणाली अजूनही या यंत्रावर चालते. तिचा कर्नल (गाभा) यंत्रावरच संकलित करायला लावला की प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क तिन्हींवर एकदम ताण येतो. सकाळी नोंदवहीत दुरुस्त झालेल्या मेमरी-चुकांचे संदेश पाहावेत. एखादा तुरळक संदेश सोडून देता येतो. एकाच पट्टीच्या नावाने ते पुन्हा पुन्हा येत असतील तर ती पट्टी बदलावी. यंत्र थंड असताना चालते आणि तासाभराने लटकते, अशी तक्रार असेल तर आधी पंख्याचा वेग आणि मॉड्यूलवरच्या उष्णता-पंखांमधली धूळ पाहावी, मगच मॉड्यूलकडे वळावे.

झाकण लावण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा : ईथरनेट पत्ता, होस्ट आयडी, रॉमची आवृत्ती, कोणत्या स्लॉटमध्ये कोणते मॉड्यूल आहे, आणि बॅटरी बसवल्याची तारीख.